आधी व्याख्यान, मग वर्गणी : सेवा क्लबांची पार्श्वभूमी

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबाच्या साप्ताहिक सभेचा साचा सभासदांना तोंडपाठ असतो. अध्यक्ष घंटा वाजवतात, सचिव मागच्या सभेचा वृत्तांत वाचतात, वाढदिवसांच्या शुभेच्छा होतात आणि मग पाहुण्या वक्त्यांचा परिचय. वीस-पंचवीस मिनिटांचं भाषण, दोन-चार प्रश्न, आभारप्रदर्शन. निघताना दाराशी कुणीतरी पावतीपुस्तक घेऊन उभं असतं. कधी मोतीबिंदूच्या शिबिरासाठी, कधी शाळेतल्या स्वच्छतागृहासाठी, तर कधी निधीसाठी ठेवलेल्या संगीत रजनीच्या तिकिटांसाठी.

नव्या सभासदाला ही दोन वेगळी खाती वाटतात. व्याख्यान म्हणजे चार नव्या गोष्टी कानावर पडण्याची सोय आणि पावतीपुस्तक म्हणजे क्लबाचं खरं काम. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण या क्लबांचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं की पावतीपुस्तक बऱ्याचदा व्याख्यानातूनच बाहेर आलं आहे. कुणीतरी उभं राहून बोललं, बाकीच्यांनी ते मनापासून ऐकलं आणि मग खिशात हात गेले. हा क्रम फार जुना आहे.

त्याची एक स्पष्ट सुरुवात १७२७ मध्ये फिलाडेल्फियात सापडते. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि छापखान्यात काम करत होते. त्यांनी ओळखीच्या काही जणांना जमवून 'जंटो' नावाचं मंडळ काढलं. त्यात काचा बसवणारा होता, जमीन मोजणारा होता, सुतारही होता. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचं, पाळीपाळीने चर्चेसाठी प्रश्न आणायचे आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा, असा नियम होता. बोलता बोलता पुस्तकांची गरज भासू लागली. प्रत्येकाने आपापली पुस्तकं एका खोलीत आणून ठेवून पाहिली, पण ते फार काळ चाललं नाही. मग १७३१ मध्ये वर्गणीदार जमवून ग्रंथालय सुरू झालं.

१७५१ ची गोष्ट त्याहून मोलाची. डॉ. थॉमस बाँड यांना गरिबांसाठी रुग्णालय काढायचं होतं, पण पैसे जमत नव्हते. फ्रँकलिननी प्रांताच्या विधिमंडळापुढे अट ठेवली : नागरिकांनी दोन हजार पौंड जमवले, तर सरकारने तितकेच घालावेत. एवढी रक्कम लोक जमवणारच नाहीत अशा समजुतीने विरोधकांनीही मान डोलावली. इकडे देणाऱ्यांना सांगण्यासारखी एक सरळ गोष्ट हाती आली, की तुमच्या एका पौंडाचे दोन होतील. रक्कम जमली आणि रुग्णालय उभं राहिलं. 'तुम्ही जमवा, तेवढीच भर आम्ही घालतो' ही पद्धत आजही कितीतरी क्लब वापरतात.

एकोणिसाव्या शतकात व्याख्यानांना स्वतःचं व्यासपीठ मिळालं. जोसाया हॉलब्रूक यांनी १८२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मिलबरी गावात पहिलं 'लायसियम' काढलं. गावातल्या लोकांनी जमून विज्ञान, शेती, इतिहास यांवरची व्याख्यानं ऐकायची, अशी ती कल्पना. ती झपाट्याने पसरली आणि जाणकार माणसाला बोलावून त्याचं शांतपणे ऐकून घेण्याची सवय लहान गावांनाही लागली. विसाव्या शतकातल्या क्लबांना श्रोते तयारच मिळाले ते त्यामुळे.

आजच्या अर्थाने सेवा क्लब म्हणतात तो मात्र २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोतल्या युनिटी बिल्डिंगमध्ये जन्माला आला. ७११ नंबरच्या खोलीत चार जण जमले होते : वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शीले, खाण अभियंता गस्टाव्हस लोअर आणि कपड्यांच्या धंद्यातले हायरम शोरी. हॅरिस लहान गावात वाढलेले होते. मोठ्या शहरात त्यांना ओळखीपाळखीची ऊब मिळत नव्हती. ती मिळावी एवढाच मूळ हेतू. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव पडलं 'रोटरी', म्हणजे फिरता. एका व्यवसायाचा एकच सभासद, असा नियम होता. ज्याच्याकडे बैठक, तो आपल्या धंद्याबद्दल चार शब्द सांगायचा. क्लबातल्या व्याख्यानांचं बीज इथेच आहे असं मी मानतो. वकिलाने कोळशाच्या धंद्याबद्दल ऐकायचं आणि कोळशाच्या व्यापाऱ्याने खाणीबद्दल.

सेवेचा उल्लेख तेव्हा कुठेच नव्हता, हे मोकळेपणाने सांगायला हवं. सभासदांनी एकमेकांना धंदा द्यायचा, हा क्लबाचा उघड उद्देश होता आणि कुणी कुणाला किती काम दिलं याची नोंद ठेवायला माणूसही नेमलेला होता. १९०६ मध्ये डॉनल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलांना सभासद व्हायचं आमंत्रण गेलं. त्यांनी नियमावली वाचली आणि नकार दिला. सभासदांखेरीज दुसऱ्या कुणाच्या उपयोगी न पडणाऱ्या क्लबाला भवितव्य नाही, असं त्यांचं म्हणणं. क्लबाने राग धरला नाही, उलट त्यांनाच उद्देशांत दुरुस्ती करायला लावली आणि सभासद करून घेतलं. मला हा प्रसंग फार आवडतो. बाहेरच्या माणसाचं खरं बोलणं ऐकून क्लब बदलला, त्याचं हे पहिलं उदाहरण.

दुरुस्तीपाठोपाठ काम आलं. १९०७ मध्ये क्लबाने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी मोहीम हाती घेतली. आज ही मागणी साधी वाटते, पण तेव्हा बाहेरगावहून बाजाराला आलेल्या माणसाला दारूच्या गुत्त्यात शिरण्यावाचून सोय नव्हती आणि बायकांना मोठ्या दुकानांचा आधार घ्यावा लागायचा. साहजिकच गुत्तेवाले आणि दुकानदार दोघेही विरोधात उभे राहिले. दोनेक वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा कुठे सिटी हॉलजवळ स्वच्छतागृह झालं. पुढे क्लबांची संख्या वाढली. १९१० मध्ये सोळा क्लबांनी मिळून राष्ट्रीय संघटना बांधली. १९१५ मध्ये डेट्रॉइटला किवानिस हा आणखी एक सेवा क्लब सुरू झाला.

लायन्सची सुरुवातही धंदेवाईक मंडळातूनच झाली. विमा व्यवसायातले मेल्विन जोन्स शिकागोच्या 'बिझनेस सर्कल'चे सचिव होते. त्यांच्या पुढाकाराने ७ जून १९१७ रोजी वेगवेगळ्या मंडळांचे प्रतिनिधी जमले आणि ऑक्टोबरमध्ये डॅलसला पहिलं अधिवेशन झालं. सभासदांचा आर्थिक फायदा हे कोणत्याही क्लबाचं उद्दिष्ट असता कामा नये, हे तेव्हाच ठरलं. पण नेमकं करायचं काय, हे ठरायचं होतं. प्रत्येक क्लब आपापल्या परीने काहीतरी करत होता.

ते ठरलं एका पाहुणीच्या भाषणाने. ३० जून १९२५, ओहायोमधलं सीडर पॉइंट, लायन्सचं अधिवेशन. वक्त्या होत्या हेलन केलर. वय पंचेचाळीस, दृष्टी आणि श्रवण लहानपणीच गेलेलं. बोलणं त्या अपार कष्टाने शिकल्या होत्या. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत मागायला त्या आल्या होत्या, म्हणजे निधी-संकलनासाठीच. पण त्यांनी रकमेपासून सुरुवात केली नाही. संधी दारावर एकदाच थाप देते, या जुन्या कल्पनेपासून केली, आणि म्हणाल्या की मीच ती संधी आहे आणि तुमच्या दारावर थाप देते आहे. टाळता येण्यासारखं अंधत्व उरणार नाही, कोणतंही अंध मूल शिक्षणावाचून राहणार नाही, असा दिवस यावा म्हणून त्यांनी मदत मागितली. अंधारावर चालून जाणारे अंधांचे शिलेदार व्हाल का, असा प्रश्न त्यांनी सभागृहाला विचारला. अधिवेशनाने ते आवाहन स्वीकारलं.

पुढे जे झालं त्यामुळेच हे भाषण इतिहासात टिकलं. लायन्सचं नाव आज नेत्रशिबिरं, नेत्रपेढ्या आणि जुने चष्मे गोळा करण्याशी जोडलेलं आहे, त्याचं मूळ त्या एका दिवसात आहे. पाचच वर्षांनी, १९३० मध्ये, इलिनॉयमधल्या पिओरिया शहरातले लायन्सचे सभासद जॉर्ज बॉनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडायची धडपड करताना पाहिलं. त्याची काठी काळी होती, फरसबंदीवर ती गाडीवाल्यांना दिसतच नव्हती. काठीला पांढरा रंग द्यावा आणि एक लाल पट्टा मारावा, एवढीच त्यांची सूचना. क्लबाने काठ्या रंगवून वाटल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात शहराने पांढरी काठी हाती असलेल्या माणसाला रस्त्यावर अग्रक्रम देणारा नियम केला. या कामाला पैसा फारसा लागलाच नाही. लागली ती पाच वर्षांपूर्वीच्या भाषणाने तयार झालेली नजर.

याच काळात ओहायोमध्येच एलिरिया गावचे उद्योजक एडगर ॲलन दुसऱ्या मार्गाने हेच करत होते. १९०७ मध्ये ट्रॅमच्या अपघातात त्यांचा मुलगा गेला. जवळपास चांगलं रुग्णालय नव्हतं, म्हणून त्यांनी ते उभं केलं. तिथे येणाऱ्या अपंग मुलांकडे कुणाचंच लक्ष नाही हे दिसल्यावर ते रोटरी क्लबांमधून फिरून बोलू लागले. त्यांची सगळी मोहीम या भाषणांवर उभी होती. १९१९ मध्ये राज्यपातळीवरची संस्था झाली आणि १९३४ पासून ईस्टरच्या सुमाराला पाकिटांवर लावायची तिकिटं छापून निधी जमवायला सुरुवात झाली. तिकिटांची युक्ती नवी नव्हती. डेन्मार्कमध्ये टपाल कर्मचारी आयनार होल्बॉल यांनी क्षयग्रस्त मुलांसाठी ती १९०४ मध्येच अमलात आणली होती. ज्याला मोठी देणगी जमत नाही त्यालाही काही पैशांत सहभागी होता यावं, हे त्यामागचं तत्त्व. क्लबाची सोडत, संगीत रजनीचं तिकीट, रस्त्यावरचा डबा या सगळ्यांच्या मुळाशी तेच आहे.

मोठ्या निधीची गोष्टही भाषणानेच सुरू होते. १९१७ मध्ये अटलांटाच्या अधिवेशनात रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी जगात चांगलं काम करण्यासाठी कायमचा निधी असावा, असं सुचवलं. पुढच्या वर्षी पहिली देणगी आली कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून : २६ डॉलर ५० सेंट. १९२८ मध्ये त्या निधीला रोटरी फाउंडेशन हे नाव मिळालं, पण तो बरीच वर्षं रांगतच होता. २७ जानेवारी १९४७ ला पॉल हॅरिस गेले. आपल्यासाठी फुलं नकोत, फाउंडेशनला देणगी द्या, अशी त्यांची इच्छा होती. त्यानंतर देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि त्याच वर्षी १८ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी पहिल्या शिष्यवृत्त्या मिळाल्या.

पोलिओचं काम याच निधीच्या जोरावर झालं. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये सुमारे साठ लाख मुलांना डोस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या अनुभवावर १९८५ मध्ये जगभराची मोहीम जाहीर झाली. उद्दिष्ट होतं १२ कोटी डॉलरचं, तीन वर्षांत जमले २४.७ कोटी. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला तेव्हा वर्षाला साडेतीन लाख मुलं या रोगाने पंगू होत होती. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला नोंदवला गेला.

या सगळ्यात एक मोठी उणीव होती आणि ती झाकून चालणार नाही. हेलन केलर यांच्यासारख्या स्त्रीला व्यासपीठ मिळत होतं, सभासदत्व मात्र नाही. स्त्रियांनी आपले क्लब वेगळे काढले : १९१९ मध्ये झोंटा, १९२१ मध्ये सोरॉप्टिमिस्ट, १९२४ मध्ये मँचेस्टरला इनर व्हील. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे इथल्या रोटरी क्लबाने स्त्रियांना सभासद केलं म्हणून त्याची मान्यता काढून घेण्यात आली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ मे १९८७ ला निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. लायन्सनेही त्याच वर्षी दार उघडलं. ज्यांच्या अडचणींवर भाषणं व्हायची, त्यातल्या निम्म्या लोकांना निर्णयात हात नव्हता. यामुळे किती कामं राहून गेली असतील, याची मला खरोखर हळहळ वाटते.

निधी वाढला तशी हिशेबाची शिस्तही आली. लायन्स क्लबात दोन खाती वेगळी ठेवावी लागतात : सभासदांच्या वर्गणीचं प्रशासकीय खातं आणि लोकांकडून जमवलेल्या पैशांचं सेवा खातं. लोकांनी दिलेल्या पैशातून क्लबाचा प्रशासकीय खर्च करता येत नाही. सभेत गमतीने केले जाणारे दंडही त्यामुळे जपून कुठल्या तरी खात्यात नोंदवावे लागतात. खजिनदाराला हे काम किचकट वाटतं, पण दाराशी पावतीपुस्तक धरून उभं राहणाऱ्या माणसाला मान वर करून बोलता येतं ते या नोंदींमुळेच.

सभांची घडी आता सैल होते आहे. २०१६ मध्ये रोटरीने आठवड्याच्या सभेची सक्ती काढली, महिन्यातून दोन सभा पुरेशा ठरल्या. नोकरी-धंद्याच्या धावपळीत त्याची गरज होती, हे मान्य. पण सभा कमी झाल्या की आधी कात्री लागते ती पाहुण्या वक्त्यांना. वर्षाचा कार्यक्रम आखताना मग निधीचा आकडा आधी ठरतो आणि तो कशासाठी हे नंतर शोधलं जातं. काही क्लबांनी यावर एक साधी रीत धरली आहे. ज्यांच्या भाषणानंतर निधी जमवला, त्या वक्त्यांना वर्षभराने पुन्हा बोलावायचं. त्यांनी येऊन पैसा कुठे लागला, काय जमलं आणि काय जमलं नाही ते सांगायचं. त्या दिवशी शेवटच्या रांगेतलेही सभासद प्रश्न विचारतात.