पट्टा आवळला म्हणजे घड्याळ वाचलं?

जायकवाडी धरणाच्या नाथसागरात पोहायला किंवा कयाक घेऊन उतरणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: पट्टा एक भोक जास्त आवळा, घड्याळ कुठं जात नाही. जातं. घड्याळ सहसा हातातून घसरत नाही. पट्टा डायलला जोडणारी स्प्रिंगची पिन सटकते नाहीतर बक्कल उघडतं. वल्हं घट्ट धरलं की मनगट फुगतं आणि आवळलेल्या पट्ट्याचा सगळा ताण त्या जेमतेम दीड-दोन मिमी जाडीच्या पिनेवर येतो. वर हाताला मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या अंगाला, करंगळी कशीबशी शिरेल इतपत बांधा. उतरण्याआधी पट्टा ओढून, पिळून बघा. पिन हलली किंवा गंजलेली दिसली तर बदलाच. घड्याळवाल्याकडं किरकोळ पैशात मिळते, फक्त पट्ट्याची रुंदी (उदा. २० किंवा २२ मिमी) सांगावी लागते.

खरा भरवसा डायलखालून जाणाऱ्या अखंड नायलॉन पट्ट्याचा. एक पिन निसटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. दोन तुकड्यांच्या सिलिकॉन पट्ट्यात ही सोय नाही. अडचण एवढीच, की हा पट्टा स्मार्टवॉचचा मागचा सेन्सर झाकतो, मग हृदयाचे ठोके मोजले जात नाहीत. ते हवेच असतील तर जुनाच पट्टा ठेवा आणि वरून घट्ट रिस्टबँड चढवा.