सामुदायिक बागेतील श्रमदान

अनेकांनी मिळून राखलेल्या बागेच्या देखभालीसाठी विनामोबदला आणि ठरलेल्या पाळीने केलेले काम. जमीन सहसा नगरपालिकेची, शाळेची किंवा एखाद्या न्यासाची असते. राबणारे असतात आसपासचे रहिवासी. काही बागांत प्रत्येक कुटुंबाला वेगळा वाफा मिळतो, काहींत सगळेच वाफे सामाईक असतात. पहिल्या प्रकारातही वाटा, पाण्याचे नळ, खताचे ढीग, अवजारांची खोली आणि कुंपण कोणा एकाचे नसते. श्रमदानाची खरी गरज तिथेच असते.

अमेरिकेत १८९४ च्या सुमारास, मंदीच्या काळात, डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांनी शहरातील पडीक भूखंड बेरोजगारांना भाजीपाला पिकवण्यासाठी दिले. दुसऱ्या महायुद्धात ‘विजय बागां’ची, म्हणजे युद्धकाळात लोकांनी स्वतः भाजीपाला पिकवण्यासाठी केलेल्या बागांची, लाट आली आणि युद्ध संपल्यावर बहुतांशी ओसरली. बॉस्टनमधील १९४२ ची फेनवे बाग मात्र आजही नांदते आहे. सध्याच्या चळवळीची सुरुवात बहुधा १९७३ पासून मानतात. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि ‘ग्रीन गरिलाज’ या गटाने कचऱ्याने भरलेला एक कोपरा साफ करून तिथे वाफे पाडले. सिएटलचा ‘पी-पॅच’ उपक्रमही त्याच वर्षीचा. तिथे वाफा घेणाऱ्याला सामाईक कामासाठी वर्षाकाठी काही तास द्यावेच लागतात. श्रमदान असे सक्तीचे झाले, तरी बाग त्यावरच टिकते.

रोपे लावायच्या दिवशी गर्दी होते, खुरपणीला मोजकेच येतात. हा अनुभव जवळपास सगळ्याच बागांचा. तण फुलावर येण्याआधी काढले तर काम निम्म्याने हलके होते; एकदा बी गळले की पुढची कित्येक वर्षे ते उगवत राहते. हरळी आणि नागरमोथा वरवर ओढून काही साधत नाही, मुळ्या व गाठी खणूनच काढाव्या लागतात. पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल ओसरेपर्यंत, वाफ्यात पाय घालू नये, माती घट्ट होते. नव्या स्वयंसेवकाला हे सांगावेच लागते, कारण उत्साहाच्या भरात सगळे आधी वाफ्यातच उतरतात. वाळलेला पाला किंवा पेंढा पाच ते आठ सेंटिमीटर जाडीने अंथरला की ओल टिकते. खोडाजवळ मात्र थोडी जागा मोकळी ठेवावी, नाहीतर बुंधा कुजतो.

खताच्या ढिगावर वाद ठरलेले. ओल्या हिरव्या कचऱ्याच्या जोडीला सुका पाला भरपूर नसेल तर ढीग घाण मारतो. आतली उष्णता काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिली तर बहुतेक तणांचे बी मरते. लहान ढीग तेवढे तापत नाहीत, म्हणून बी धरलेले तण त्यात न टाकलेलेच बरे. शहरातील जुन्या जागेच्या मातीत शिसे असू शकते. अशा जागी माती आधी तपासून घेतात आणि गरज पडल्यास बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करतात.

श्रमदानाने जमिनीवर हक्क मात्र सांगता येत नाही. लिझ क्रिस्टींच्या गटाला १९७४ मध्ये शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली होती. पुढे १९९९ मध्ये त्याच शहराने शंभराहून अधिक बागा लिलावात काढायचे ठरवले. मोठा विरोध झाल्यावर ना-नफा संस्थांनी त्या विकत घेऊन वाचवल्या. म्हणून जुन्या बागांतले स्वयंसेवक नव्या गटांना खुरपे घेण्याआधी लेखी करार आणि त्याची मुदत पाहायला सांगतात.