चमचा मोजायचा की साखर?

‘स्पूनफुल’चं अनेकवचन लिहिताना भलेभले अडखळतात. ‘एस’ लावायचा कुठे, स्पूनला की फुलला? काही शब्दकोश ‘स्पून्सफुल’ही नोंदवतात, पण रूढ रूप ‘स्पूनफुल्स’. पाठ करून सोडून द्यावा असा हा नियम नाही, त्यामागचं कारण फार देखणं आहे.

साखरेच्या डब्यात चमचा एकच असतो. चहाच्या आधणात तो तीनदा रिता केला, की इंग्रजीत ‘थ्री स्पूनफुल्स’ झाले. चमचे तीन नव्हतेच, मोजली ती साखर. आता ओट्यावर साखरेने भरलेले तीन चमचे ओळीने मांडा. हे ‘थ्री स्पून्स फुल ऑफ शुगर’. इथे चमचे खरोखर तीन आहेत, हवं तर उचलून धुता येतील. म्हणजे ‘फुल’ जोडलं की भांडं मागे पडतं आणि लिटर-किलोसारखं माप उरतं. ‘बकेटफुल’ला कडी नसते, ती गळत नाही. मग अनेकवचन होणार ते त्या अख्ख्या मापाचं, म्हणून ‘एस’ शेवटी. मराठीत ‘तीन बादल्या पाणी’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात. नेमका कोणता, ते पुढच्या क्रियापदावरून कळतं: झाडांना घातलं, की दाराशी भरून ठेवलं.

अर्थात हे माप सैल. औषधाचा ‘टीस्पूनफुल’ 5 मिलिलिटरचा धरतात, घरातले चमचे मात्र लहानमोठे. मुलांना सिरप स्वयंपाकाच्या चमच्याने देऊ नका, बाटलीसोबतचं माप वापरा.

हा ‘फुल’ आणि आपला ‘पूर्ण’ एकाच धातूचे. इंग्रजी ज्या कुळातली, त्या जर्मानिक भाषांत मूळ ‘प’चा ‘फ’ झाला: पितृ–फादर, पाद–फूट, पूर्ण–फुल. यावरून ‘इंग्रजी संस्कृतातून निघाली’ असे संदेश फिरतात, ते चूक आहे. दोघी एका लुप्त आदिभाषेच्या लेकी, मायलेकी नव्हेत.

मराठीने मात्र या कामाला ‘पूर्ण’ घेतला नाही, ‘भर’ घेतला. तो ‘भृ’चा, म्हणजे वाहून नेणे, पेलणे. इंग्रजीतला ‘बेअर’ त्याचाच भाऊबंद. ‘हँडफुल’ आणि ‘मूठभर’ दोन्ही धान्यावरून माणसांवर आले, अर्थ एकच: थोडे. पण ‘फुल’ बहुतेक भांड्यापाशी, हातातोंडापाशी, फार तर खोलीपाशी थांबतो. ‘डेफुल’ कोणी म्हणत नाही. आपला ‘भर’ चिमटीतून निघून ओंजळभर, गावभर, दिवसभर, जन्मभर जातो.