पायपुसण्याखालचा पिवळा चौकोन

गेल्या महिन्यात बहिणीकडे गेलो, तर ती बाल्कनीच्या दाराशी उकिडवी बसून फरशी घासत होती. नवे व्हिनाइल, बसवून जेमतेम आठ महिने झालेले. रबरी बुडाचे पायपुसणे धुवायला उचलले आणि खाली नेमका त्याच मापाचा पिवळट तपकिरी चौकोन. साबण झाला, लिंबू झाले, खायचा सोडा झाला. डाग तसाच. बसवणाऱ्याने सांगितले होते, "ताई, वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही." पाण्याने खरेच काही होत नाही. पण हा डाग पाण्याचाही नाही आणि मळाचाही नाही. तो फरशीच्या आत आहे.

आत म्हणजे कुठे? व्हिनाइल फरशी म्हणजे पीव्हीसी, नळाचा पांढरा पाइप असतो तेच प्लास्टिक. त्याच्या लांबलचक साखळ्यांवर क्लोरीनचे अणू असतात आणि त्यांच्यामुळे साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. म्हणून पाइप ताठ. मग फरशीचे शीट गुंडाळता कसे येते? 1926 साली अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने पीव्हीसी विशिष्ट तेलकट द्रवांत गरम केले आणि ते रबरासारखे मऊ झाले. या द्रवांना प्लास्टिसायझर म्हणतात. शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन घातले की पीठ चिवट होत नाही, तसे हे रेणू साखळ्यांच्या मधे शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. साधे पीव्हीसी मऊ व्हायला सुमारे 80 अंश सेल्सिअस तापमान लागते. प्लास्टिसायझर भरपूर घातला की ते घरातल्या तापमानालाही मऊ राहते.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. हे तेल साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते मधे वस्तीला असते. म्हणजे आपण ज्यावर चालतो तो दगड नव्हे, तेल मुरलेला घन पदार्थ आहे, आणि तेलात विरघळणारे काहीही त्यात मुरू शकते. रबर हवेने तडकू नये म्हणून त्यात काही रसायने घालतात. तीही तेलात विरघळणारी. पायपुसणे महिनोन्‌महिने एकाच जागी राहिले की ती हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात, आणि ऊन व हवा लागली की पिवळी-तपकिरी होतात. वरून घासून काय निघणार?

मुरण्याचे गणितही सुंदर आहे. डागाची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट खोल जायला चौपट वेळ. आठवड्यात 168 तास असतात, म्हणून तासाभरात पुसलेल्या डागापेक्षा आठवडाभर राहिलेला डाग सुमारे 13 पट खोल गेलेला असतो. फरशी उन्हाने तापत असेल तर मुरण्याचा वेगही वाढतो. बाल्कनीच्या दाराशी हे सगळे एकत्र येते.

हळदीचा डाग मात्र उलट वागतो. हळदीतले कुर्क्युमिनही तेलात विरघळते, म्हणून वरणाचा थेंब पांढऱ्या व्हिनाइलवर पिवळा ठिपका सोडतो. पण कुर्क्युमिन उजेडाने मोडते. म्हणजे ज्या उन्हाने रबराचा डाग गडद होतो, त्याच उन्हाने हळदीचा फिका पडतो. हळदीवर सोडा चोळलात तर ती लाल होईल, हळद आणि चुन्याचे कुंकू होते तसे. घाबरू नका, साध्या पाण्याने पुसा.

आजकालच्या बहुतेक व्हिनाइलवर कारखान्यातच पॉलियुरेथेन या टणक प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला असतो. हे मुरणे तोच बऱ्यापैकी रोखतो, पूर्णपणे मात्र नाही. त्यामुळे वरून 'नॅनो' पॉलिश विकायला कोणी आले तर पैसे वाचवा. जपायचे ते या थराला. त्याचा खरा शत्रू चपलेखालची वाळू: तिच्यातले क्वार्ट्‌झ काचेवरही ओरखडा काढते. म्हणून आधी मऊ कुंचा, मग फडके. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा. थिनर, ॲसिटोन, रॉकेल फरशीजवळ आणूच नका. काळ्या फिनेलमध्ये डांबरी तेले असतात, तेही नको. बादलीत सौम्य साबणाचे चार थेंब पुरे, फडके घट्ट पिळलेले हवे आणि शेवटी एकदा साध्या पाण्याचे. फरशी गोंदाने चिकटवली असेल तर पहिले दोन-तीन दिवस ओले फडके फिरवू नका आणि कपाट ओढू नका, गोंदाला धरायला वेळ द्या.

आणखी एक. घरातली नकारात्मक ऊर्जा जावी म्हणून पाण्यात खडेमीठ टाकून फरशी पुसायची पद्धत बोकाळली आहे. अशी ऊर्जा मिठाने शोषली जाते याला कसलाही आधार नाही. जे होते ते इतकेच: पाणी उडून जाते, मीठ मागे उरते. खडेमिठातली मॅग्नेशियमची क्षारे हवेतले बाष्प ओढतात आणि पावसाळ्यात फरशी चिकट लागते. त्या चिकटपणावर धूळ बसते, आणि आपण पुन्हा मीठ टाकून पुसतो.

बहिणीच्या त्या चौकोनावर आता सुती सतरंजी आहे. जेवणाच्या टेबलाखालचा हळदीचा ठिपका मात्र पडदा सरकवून ठेवल्यावर काही दिवसांतच इतका पुसट झाला, की तिला तो बोट लावून दाखवता येईना.