टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणि तिसरा आठवडा

नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या जिममध्ये एक समज पक्का आहे: टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की माणूस तापट होतो. त्याच शहरात पन्नाशी ओलांडलेल्यांच्या मोबाइलवर जाहिरात येते, हेच औषध घ्या, मरगळ जाईल, डोकं तल्लख होईल. दोन्हीकडे एक प्रश्न कोणी विचारत नाही: कुठलं इंजेक्शन, किती मिलिग्रॅम, आणि टोचून आज कितवा दिवस? हा उपचार घेणाऱ्याच्या मनःस्थितीबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

निरोगी तरुण पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण 3 ते 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग दर तास-दीड तासाने संदेश सोडतो, त्यावर पियुषिका ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक पाठवते आणि वृषणातल्या लायडिग पेशी कामाला लागतात. रक्तातली पातळी वाढली की हायपोथॅलॅमस हात आखडता घेतो. पातळी सकाळी सर्वांत जास्त, संध्याकाळी कमी. म्हणजे निसर्गाचा पुरवठा थोडा थोडा, रोजचा आणि स्वतःवर लगाम असलेला आहे.

औषध म्हणून द्यायचं तर अडचण येते. नुसतं टेस्टोस्टेरॉन गिळलं तर यकृत ते पहिल्याच फेरीत निकामी करतं, आणि नुसतं टोचलं तर ते फार लवकर संपतं. त्यावर रसायनतज्ज्ञांनी काढलेला तोडगा मोठा देखणा आहे. टेस्टोस्टेरॉनच्या रेणूला मेदाम्लाची एक शेपटी जोडायची. याला एस्टर म्हणतात. शेपटी जितकी लांब, तितका रेणू तेलात जास्त रमतो आणि तितका सावकाश रक्तात उतरतो. रक्तात आला की तिथली विकरं (एन्झाइम) शेपटी कापून टाकतात आणि मूळ टेस्टोस्टेरॉन मोकळं होतं. सात कार्बनची शेपटी जोडली की एनॅन्थेट, अकरा कार्बनची जोडली की अनडेकॅनोएट. सस्टॅनॉन या इंजेक्शनमध्ये तर आखूड-लांब अशा चार एस्टरांची मिसळ शेंगदाणा तेलात असते. (शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.) अनडेकॅनोएटचं 1000 मिलिग्रॅमचं इंजेक्शन एरंडेल तेलात असतं, चार मिलिलिटर. ते कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर आणि दोन मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं असतं. घाईत दिलं किंवा तेलाचा अंश रक्तवाहिनीत गेला तर लगेच खोकल्याची उबळ येते, दम लागतो. म्हणूनच नंतर अर्धा तास दवाखान्यात थांबवतात.

आता हिशेब करू. एनॅन्थेटच्या 250 मिलिग्रॅममध्ये शेपटीचं वजन वजा केलं तर खरं टेस्टोस्टेरॉन सुमारे 180 मिलिग्रॅम उरतं. तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन धरलं तर रोजचे साडेआठ मिलिग्रॅम पडतात. अनडेकॅनोएटच्या 1000 मिलिग्रॅममध्ये खरं टेस्टोस्टेरॉन सुमारे 630 मिलिग्रॅम. बारा आठवड्यांवर विभागलं तर रोजचे साडेसात. दोन्ही आकडे निसर्गाच्या मापात बसतात. कागदावर दोन्ही उपचार सारखेच.

शरीराला मात्र सरासरी कळत नाही. स्नायूतल्या एनॅन्थेटचा साठा साधारण साडेचार दिवसांत निम्मा होतो. म्हणजे सातव्या दिवशी एक तृतीयांश उरतो, चौदाव्या दिवशी नववा हिस्सा, एकविसाव्या दिवशी जेमतेम पंचविसावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातली पातळी बऱ्याचदा निरोगी माणसाच्या वरच्या मर्यादेपलीकडे जाते आणि तिसऱ्या आठवड्यात खालच्या मर्यादेखाली येते. यात आणखी एक मेख आहे. सुरुवातीचा चढ पाहून हायपोथॅलॅमसने संदेश पाठवणं बंद केलेलं असतं. बाहेरचा पुरवठा आटतो तेव्हा घरचा कारखाना अजून झोपलेला असतो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यातला माणूस काही वेळा उपचारापूर्वी होता त्याहूनही कोरडा पडतो.

निफाड-पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे फोडून सांगावं लागणार नाही. जीए (जिबरेलिक ॲसिड) हे वनस्पतींचं एकच संप्रेरक, पण घड लांबवायला किती पीपीएम आणि मणी फुगवायला किती, कुठल्या दिवशी, यावर सगळा हंगाम ठरतो. हंगामभराचं जीए एकाच दिवशी फवारून कोणी ‘सरासरी बरोबर आहे’ म्हणत नाही.

या चढउताराचा मनाशी थेट संबंध आहे. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने इंजेक्शन घेणारे रुग्ण ठरावीक तक्रार करतात: पहिल्या आठवड्यात उत्साह, बोलणं जास्त, कामेच्छा जोरात, कधी झोप कमी, शेवटच्या आठवड्यात थकवा, चिडचिड, कशातच रस नाही. घरच्यांना वाटतं औषधाने माणूस बिघडला. प्रत्यक्षात चिडचिड औषध संपत आल्याची असू शकते. यावर मात्रा वाढवणं हा चुकीचा उपाय आहे, कारण त्याने शिखर आणखी उंच होतं. अंतर कमी करायचं: उदाहरणार्थ 250 तीन आठवड्यांनी देण्याऐवजी 75 ते 100 मिलिग्रॅम दर आठवड्याला. नाहीतर रोज लावायचं जेल, किंवा लांब शेपटीचं अनडेकॅनोएट. जेलमध्ये चढउतार कमी असतो, पण लावल्यावर हात साबणाने धुवायचे, जागा वाळली की कपड्याने झाकायची. जेल लागलेल्या खांद्यावर लहान मूल झोपलं तर औषध मुलाच्या अंगात जातं आणि अवेळी वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात.

हे रेणू मेंदूत जाऊन करतात काय? टेस्टोस्टेरॉन मेदात विरघळणारं असल्याने सहज आत शिरतं आणि तिथे त्याच्या तीन वाटा होतात. काही जसंच्या तसं पेशीतल्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं, काहीचं 5-अल्फा रिडक्टेज विकर डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन) करतं, आणि काहीचं ॲरोमॅटेज विकर चक्क इस्ट्रॅडिऑल करतं, म्हणजे ज्याला आपण ‘बायकांचं हार्मोन’ म्हणतो ते इस्ट्रोजेन. डीएचटीपासून पुढे बनणारा एक पदार्थ मेंदूतल्या गाबा ग्राहींवर काम करतो. चिंता कमी करणाऱ्या कित्येक गोळ्यांचं लक्ष्यही हेच ग्राही. जिममध्ये इस्ट्रोजेनच्या धास्तीने जे ते बनणं रोखणाऱ्या अनॅस्ट्रोझोलच्या गोळ्या सोबत घेतात, त्यांनी 2013 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग लक्षात घ्यावा. निरोगी पुरुषांचं स्वतःचं उत्पादन थांबवून त्यांना वेगवेगळ्या मात्रेत जेल दिलं, आणि एका गटात इस्ट्रॅडिऑल बनणंही रोखलं. त्या गटात कामेच्छा जास्त घसरली. पुरुषाच्या मेंदूलाही इस्ट्रोजेन लागतं.

मग नैराश्य जातं का? खरी कमतरता असलेल्यांत थोडं. अमेरिकेत 65 वर्षांवरच्या, पातळी 275 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली असलेल्या 790 पुरुषांना वर्षभर जेल किंवा औषधविरहित जेल देऊन पाहिलं. 2016 मध्ये निकाल आले: कामेच्छा सुधारली, मनःस्थिती किंचित सुधारली. स्मरणशक्तीचे निकाल 2017 मध्ये आले आणि तिथे काहीही फरक नव्हता. ‘डोकं तल्लख होईल’ हा जाहिरातीतला दावा इथेच संपतो. फरक पडायचाच असेल तर कामेच्छेत तीन आठवड्यांपासून दिसतो, उदासीत तीन ते सहा आठवड्यांनी, आणि पूर्ण परिणामाला काही महिने लागतात. दुसऱ्याच दिवशी ‘भारी वाटतंय’ म्हणणाऱ्याला बहुधा सुईवरचा विश्वास भारी वाटत असतो. 1889 मध्ये ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्या-गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचं जाहीर केलं होतं. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात टेस्टोस्टेरॉन नावापुरतंच उतरतं.

पारलिंगी पुरुषांचा, म्हणजे जन्माने स्त्री ठरवलेल्या पण स्वतःला पुरुष मानणाऱ्यांचा, विषय वेगळा. ऑस्ट्रेलियात 64 जणांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना लगेच आणि बाकीच्यांना तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन दिलं. लगेच मिळालेल्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार स्पष्टपणे कमी झाले. तिथे शरीर आणि ओळख जुळण्याचा भाग मोठा आहे, त्यामुळे तो निष्कर्ष पन्नाशीच्या मरगळीला लावता येत नाही.

आता राग. कमतरता भरून काढण्याच्या मात्रेत हिंसकपणा वाढल्याचं नियंत्रित चाचण्यांत दिसत नाही. 2000 साली संशोधक हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी पुरुषांना हळूहळू आठवड्याला 600 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे उपचाराच्या सहापट, मात्रा दिली. 50 पैकी 42 जणांच्या मनावर फारसा परिणाम झाला नाही. सहा जणांना सौम्य आणि दोघांना ठळक उन्माद झाला. कोणाला होणार हे आधी सांगता येत नव्हतं. जिममध्ये तर याहून मोठ्या मात्रा, दोन-तीन औषधं एकत्र चालतात, म्हणून तिथला तापटपणा पूर्ण काल्पनिक नाही. पण अपेक्षेचाही वाटा असतो. झुरिचमधल्या 2010 च्या प्रयोगात स्त्रियांना जिभेखाली अर्धा मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन किंवा नुसतंच द्रव्य देऊन पैसे वाटण्याचा खेळ खेळायला लावला. टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांनी समोरच्याला जास्त न्याय्य वाटा देऊ केला. ज्यांना आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालं असं *वाटत* होतं, त्या मात्र कंजूष झाल्या, प्रत्यक्षात काहीही मिळालेलं असो.

या अपेक्षेवर आपल्याकडे मोठी दुकानं चालतात. ‘धातू गेला, म्हणून अशक्तपणा, विसराळूपणा’ ही भीती भिंतीभिंतींवर रंगवलेली असते. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये तिला धात सिंड्रोम असं नाव दिलं. टेस्टोस्टेरॉन वृषणातून सरळ रक्तात जातं. वीर्य गेल्याने त्याचा साठा संपत नाही. या तरुणांना गरज चिंतेवरच्या उपचाराची असते. आणि उलटा धोका खरा आहे: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पियुषिकेची एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं थांबतात आणि शुक्राणू घटतात, कित्येकदा शून्यावर येतात. मूल हवं असलेल्याला हे इंजेक्शन देऊ नये. बंद केल्यावर शुक्राणू परतायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं, आणि त्या काळात थकवा आणि उदासी येते ती वेगळीच.

निदानातच सगळ्यात जास्त घोळ होतो. रक्त सकाळी सात ते दहा, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचं. पातळी झोपेशी बांधलेली असते, त्यामुळे सातपूर-अंबडला रात्रपाळी करून थेट लॅबमध्ये गेलेल्या कामगाराचा आकडा फसवा येतो. सुट्टीत दोन-तीन रात्री नीट झोपून मगच नमुना द्यावा. आठवडाभर रोज पाचच तास झोपलेल्या तरुणांची पातळी 10 ते 15 टक्के घसरल्याचं 2011 मध्ये शिकागोच्या अभ्यासात दिसलं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा, नाहीतर काही पद्धतींत आकडा खोटा वाढतो. लठ्ठपणा आणि मधुमेहात रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन कमी असल्याने एकूण आकडा कमी आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक, असंही होतं. थायरॉइड, घोरणं, नैराश्य हे आधी तपासावं. ही तिन्ही तशीच मरगळ आणतात.

उपचार सुरू झाल्यावर इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहून रोजचा मूड एक ते दहा अंकांत पुढे मांडावा. दोन फेऱ्यांत आराखडा उघड होतो. तपासणीची वेळही औषधागणिक बदलते: एनॅन्थेट असेल तर दोन इंजेक्शनांच्या मध्यावर, अनडेकॅनोएट असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी, जेल असेल तर लावल्यावर दोन ते आठ तासांत. सोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, पाहायचं. ते 54 टक्क्यांच्या वर गेलं तर रक्त दाट झालेलं असतं, डोकं जड राहतं, आणि ते उतरेपर्यंत औषध थांबवायचं.