एसी, कूलर बसवण्याआधी हे विचारून घ्या : आमच्या सोलापूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेला की आम्हाला फोनवर एकच प्रश्न येतो, "आज येता का?" येणारा माणूस कोण, तो काय शिकलेला आहे, पैसे कशाकशाचे घेणार, हे त्या घाईत विचारायचे राहून जाते. म्हणून हे पत्रक आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर वाटतो. काम आमच्याकडून करून घ्या किंवा दुसऱ्या कुणाकडून, यातले प्रश्न मात्र जरूर विचारा.

परवाना कशाला लागतो, कशाला नाही

एसी दुरुस्त करणाऱ्यासाठी सरकारचा असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. गेज (गॅसचा दाब मोजायचे उपकरण) आणि गॅसचा सिलिंडर विकत घेतलेला कुणीही उद्यापासून काम सुरू करू शकतो. त्यामुळे त्याचे शिक्षण विचारणे तुमच्याच हातात आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा २ वर्षांचा ट्रेड आहे. तो केलेला किंवा कंपनीचे प्रशिक्षण घेतलेला माणूस असेल तर त्याला प्रमाणपत्र दाखवायला सांगा. शॉप ॲक्टचा कागद आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) म्हणजे कारागिरीचा दाखला नव्हे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे १० पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाने व्यवसाय सुरू केल्याची नुसती सूचना दिली तरी पुरते.

विजेच्या कामाचे नियम मात्र कडक आहेत. एसीसाठी बोर्डापासून नवी लाइन ओढायची असेल तर ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे आहे, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या वायरमनकडेही राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना हवा. आमच्याकडे मशिन बसवणारा आणि लाइन ओढणारा अशी दोन वेगळी माणसे येतात ती यासाठीच. दीड टनाच्या (टन म्हणजे थंड करण्याची क्षमता, वजन नव्हे) एसीला साधारणपणे ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग लागते. पेठेतल्या जुन्या घरांत पंख्याच्या लाइनवरच एसी जोडून द्या, असा आग्रह होतो. तसे आम्ही करत नाही. यावरून काही गिऱ्हाइके परत गेली, तरी करणार नाही. दुसरा एसी घेताना वीजबिलावरचा मंजूर भार (एका वेळी किती वीज वापरायला परवानगी आहे तो आकडा) पाहा, आणि तो कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

गॅस कमी झाला, म्हणजे नेमके काय?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. गळती न शोधता वरून गॅस भरणे ही दुरुस्ती नव्हे. थंडावा काही आठवडे टिकतो आणि ऐन मे महिन्यात मशिन पुन्हा गरम हवा फेकू लागते.

नीट काम असे होते : उरलेला गॅस काढून नायट्रोजनने दाब द्यायचा, साबणाच्या पाण्याने सांधे तपासायचे, गळती बंद करायची, व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल पूर्ण ओढून घ्यायची, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा. याला २-३ तास सहज लागतात. अर्ध्या तासात 'गॅस भरला' म्हणून कुणी पैसे मागितले तर यातले काय काय केले ते विचारा. दाब देण्यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. कंप्रेसरमधल्या तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

किती ग्रॅम गॅस लागतो आणि तो कोणता, हे आउटडोअर युनिटच्या पाटीवर छापलेले असते. घरगुती दीड टनी स्प्लिटला तो साधारण १ किलोच्या आसपास लागतो, त्यामुळे बिलात २ किलो दिसला तर पाटी दाखवून विचारा. बहुतेक नव्या मशिनमध्ये आर-३२ असतो, काहींत आर-२९०. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. अशा मशिनला आत गॅस असताना ब्रेझिंगची (नळ्यांचे सांधे तापवून जोडण्याची) ज्योत लावणे जिवावर बेतू शकते. जुन्या मशिनमध्ये आर-२२ असतो. ओझोनच्या थराला तो घातक असल्याने १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रे बनवताना तो वापरण्यास आपल्या देशात बंदी आहे. जुन्या मशिनच्या दुरुस्तीसाठी अजून मिळतो, पण त्याचा पुरवठा घटत जाणार आहे. म्हणून आर-२२ च्या जुन्या मशिनची कॉइल फुटली असेल तर आम्ही नवे मशिन घ्या असे सुचवतो.

बिल कसे वाचायचे

बिलात मजुरी, गॅस (ग्रॅममध्ये), तांब्याची पाइप (मीटरमध्ये), स्टँड, वायर आणि ड्रेन पाइप वेगवेगळे लिहिलेले हवेत. जाहिरातीत 'इन्स्टॉलेशन फ्री' असले तरी बहुधा फक्त मजुरी फुकट असते. मशिनसोबत साधारण ३ मीटर पाइप येते, तिसऱ्या मजल्यावरून आउटडोअर गच्चीत न्यायचे म्हटले की खर्च तिथे वाढतो. तांब्याचा भाव वरखाली होत असल्याने आम्ही दर या पत्रकात छापत नाही. काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाज देतो आणि तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय मशिन उघडत नाही.

जीएसटीबद्दल थोडेसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. सेवेवरही १८ टक्केच आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या कारागिराला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, म्हणून नंबर नसलेला माणूस फसवाच असतो असे नाही. पण नंबर नसताना त्याला बिलात जीएसटी लावता येत नाही.

स्टार लेबलवरचे (मशिनला वीज किती लागते ते सांगणाऱ्या पाटीवरचे) वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. तुम्ही उन्हाळ्यात रोज ८ तास असा ४ महिने एसी लावत असाल तर तुमचे साधारण ९६० तास होतात, म्हणजे तो आकडा ०.६ ने गुणा. मग ३ स्टार आणि ५ स्टारच्या किमतीतला फरक किती वर्षांत वसूल होतो ते घरीच काढता येईल. फक्त रात्री झोपण्यापुरता लावणाऱ्याला ३ स्टार पुरतो, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

कूलरने भागत असेल तर कूलरच घ्या

आम्ही एसी विकतो, तरी हे सांगतो. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो. बाहेर ४२ अंश आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर २८ अंशांच्या आसपासची हवा देतो. खिडकी उघडी मात्र हवी. बंद खोलीत कूलर लावला की अंग चिकट होते आणि दोष कूलरला दिला जातो. जूननंतर हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. दुसरी अडचण पाण्याची. नळाला काही दिवसांआड पाणी येते तिथे लोक बोअरचे पाणी घालतात, आणि त्यातल्या क्षारांनी पॅड एका हंगामात दगडासारखे कडक होतात. टाकीतले पाणी आठवड्याला पूर्ण बदला. डासांसाठीही ते गरजेचे आहे.

पत्र्याचे घर किंवा वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब असेल तर आधी गच्चीला चुना किंवा पांढरा परावर्तक रंग द्या, नंतर टनाचा हिशेब करू. जाड भिंतींच्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात १ टनात भागते, तेवढ्याच पत्र्याच्या खोलीत दीड टनही कमी पडतो.

पूर्व भागातल्या ग्राहकांसाठी खास : यंत्रमागाच्या शेडजवळ कापसाचे तंतू इनडोअरच्या जाळीत आणि आउटडोअरच्या कॉइलवर बसतात. तिथे जाळी दर आठवड्याला धुवा. बाकी शहरात १५ दिवसांनी धुतली तरी चालते.

कधी बोलवायचे

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपल्यापासून होळीपर्यंत. तेव्हा कारागीर मोकळे असतात आणि सुटे भाग मिळतात. पाडव्यानंतर गावातला प्रत्येक चांगला माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत बांधलेला असतो, आणि ती उणीव भरायला अर्धवट शिकलेली मुले उतरतात. तिसऱ्या मजल्यावर सुरक्षा पट्ट्याविना आउटडोअर बसवायला लटकणारी हीच मुले असतात. त्यांना तसे करू देऊ नका.

थंडीत आमच्याकडे गीझरचीही कामे असतात. बोअरच्या पाण्याने हीटिंग एलिमेंटवर क्षार साचतात, वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या. गॅस गीझर मात्र बंद बाथरूममध्ये आम्ही बसवत नाही. गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि आंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध हरपते.

आमचे काम पटले नाही तर बिल घेऊन दुकानात या, केलेल्या सांध्यातून पुन्हा गळती झाली तर ३ महिन्यांपर्यंत मजुरी घेत नाही. तेवढ्याने समाधान झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. दोन्हीकडे बिल मागतात, म्हणून ते जपून ठेवा.