लाइट लागतात, हॉर्न वाजतो, मग सेल्फ का घेत नाही?

क्लचचं काम करून गाडी आणली, उभी केली, आणि नंतर चावी फिरवली तर नुसतं 'टक'. अशा वेळी मालकाचं वाक्य ठरलेलं असतं, "बॅटरी एकदम ओके आहे, लाइट लागतात, हॉर्न वाजतो." मग निष्कर्ष दोनच, एकतर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गेला नाहीतर मेकॅनिकने गंडवलं. दोन्ही खरं असू शकतं, पण लाइट लागतात यावरून सेल्फच्या सर्किटबद्दल जवळपास काहीच कळत नाही आणि हे शाळेतल्या ओहमच्या नियमातूनच (व्होल्ट = अँपिअर × ओहम) सरळ निघतं, आपण तो मार्कांपुरता पाठ करून सोडून देतो इतकंच.

आकडे बघा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. सेल्फची मोटर लहान पेट्रोल इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढते, डिझेलला अजून जास्त, आणि जागेवरून हलायच्या पहिल्या क्षणी तर याच्याही वर. आता समजा कामासाठी बॅटरीचं टर्मिनल काढलं होतं (काढायलाच हवं, त्यात चूक काही नाही) आणि परत लावताना नट नीट आवळला गेला नाही किंवा मधे पांढरा थर तसाच राहिला, आणि त्या जोडात फक्त ०.०२ ओहम रेझिस्टन्स आला. हेडलाइटच्या करंटला तिथे ०.१८ व्होल्ट खर्च होतात, डोळ्यांना कळणारही नाही. तोच जोड १५० अँपिअरला ३ व्होल्ट खातो, म्हणजे ४५० वॅटची उष्णता एका क्लॅम्पखाली! म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर टर्मिनल गरम लागलं तर पुढे फार शोधायला जाऊ नका, आधी ते काढून घासा.

क्लच-गिअरबॉक्सच्या कामात याहून लबाड जागा म्हणजे अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही, त्यामुळे इंजिनपासून बॉडीला किंवा थेट बॅटरीच्या मायनसला एक जाड पट्टी जोडलेली असते. गिअरबॉक्स उतरवताना बऱ्याच गाड्यांत तिचा बोल्ट काढावा लागतो, आणि ती परत लावायची राहते, किंवा लावतात पण रंगाच्या थरावर, म्हणजे दिसायला घट्ट आणि आतून बंद. हेडलाइटचा परतीचा रस्ता बॉडीतून असतो, त्याला या पट्टीशी देणंघेणं नाही, तो मजेत लागतो. सेल्फचा करंट मात्र मिळेल त्या धातूतून वाट काढतो, कधी क्लचची केबल, कधी अ‍ॅक्सिलरेटरची, आणि ती बिचारी तापून तिचं आवरण वितळू शकतं.

आता माझा आवडता भाग, तो 'कट-कट-कट' आवाज. सेल्फच्या डोक्यावर जो सोलेनॉइड (चावीच्या करंटने चालणारा चुंबकी स्विच) असतो त्यात एक नाही, दोन कॉइल असतात. एक ओढणारी, दणकट, दुसरी धरून ठेवणारी, हलकी. चावी फिरवली की दोघी मिळून प्लंजर (मधली लोखंडी दांडी) आत ओढतात, त्याने पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत जातं आणि शेवटी तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट मिटतात. गंमत अशी की ओढणाऱ्या कॉइलचं दुसरं टोक मोटरच्या टर्मिनलवर असतं, त्यामुळे कॉन्टॅक्ट मिटले की तिच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि ती आपोआप झोपते, स्विच लागत नाही काही नाही, निव्वळ जोडणीची करामत! आता प्लंजर फक्त हलक्या कॉइलच्या जिवावर. बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनल सैल असेल तर मोटर करंट ओढायला लागताच व्होल्टेज कोसळतं, हलकी कॉइल सोडून देते, कॉन्टॅक्ट उघडतात, लोड गेला म्हणून व्होल्टेज परत वर येतं, कॉइल पुन्हा ओढते, आणि हे सेकंदात कितीतरी वेळा, तोच तो कट-कट आवाज. मोटरचा जोर किती कमी होतो म्हणाल तर जुन्या सिरीज मोटरमध्ये टॉर्क ढोबळमानाने करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे करंट निम्मा तर जोर पाव. आजकालच्या पर्मनंट मॅग्नेटवाल्या मोटरमध्ये तो निम्माच होतो, पण तेवढंही पुरेसं असतं गाडी अडायला.

हेडलाइट लावून सेल्फ मारून बघा. लाइट एकदम मंदावले तर बॅटरी, तिची टर्मिनल्स किंवा जाम झालेला सेल्फ. फक्त 'टक' आणि लाइट तसेच लख्ख, म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये, तेव्हा इंजिनची अर्थिंग आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बघायचे.

खात्री करायची तर साधा मल्टीमीटर पुरतो, पण ओहमवर नाही, कारण त्याच्या प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स आपल्याला शोधायच्या ०.०२ पेक्षा जास्त असतो. आणि नुसती मोजलेली बॅटरी १२.६ दाखवते म्हणून खूश होऊ नका, एक तार शिल्लक असलेली केबलसुद्धा लोड नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नाही, नाहीतर तोच जोड मोजायचा राहून जातो), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर ती पट्टी किंवा मायनसचा क्लॅम्प. तसंच सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंटांमधलं व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर मात्र संशय बॅटरीवर.

बॅटरीत टाकायची संजीवनी पावडर विकतात तिचा याच्याशी काही संबंध नाही, सैल नट पावडरने आवळला जात नाही. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचंही तेच, कोडमध्ये क्रँक सेन्सरचं (इंजिनचं फिरणं ओळखणारा सेन्सर) सर्किट लिहून आलं की लोक सेन्सर बदलून मोकळे. सर्किटमध्ये वायर आणि कनेक्टरपण येतात, आणि गिअरबॉक्स काढताना निघालेला कनेक्टर लावायचा राहणं हे सेन्सर त्याच दिवशी मरण्यापेक्षा कितीतरी शक्य आहे.

इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही ही वेगळी केस, तिथे तो कनेक्टर, फ्यूज, पंपाचा रिले, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक) असं बघत जायचं. फक्त काम टायमिंग बेल्टचं झालं असेल आणि सेल्फ मारताना इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, बऱ्याच इंजिनांत बेल्ट चुकला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि परत परत सेल्फ मारून वाकलेले व्हॉल्व्ह वाढतात फक्त.